एका काडीएवढी हवा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटावर एक रिकामी बरणी आहे. जाड काचेची, चांगली दीड फूट उंच, वर घासून बसवलेलं काचेचंच टोपण. तळाशी आगपेटीतली एक न पेटवलेली काडी पडलेली आहे, ती मी काढत नाही आणि कुणाला काढू देत नाही. दरवर्षी नव्या तुकडीतली एखादी पोरगी विचारतेच, "मॅडम, ह्यात काय होतं?" मी खरं ते सांगते. आधी साप होता, मग बारव होती. पोरी एकमेकींकडे बघून हसतात. मॅडमना ऊन लागलंय असं त्यांना वाटत असणार, आणि परभणीत राहून तसं वाटणं काही चूक नाही.

पण त्या बरणीत एक अख्खी बारव राहत होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तिला सांभाळणाऱ्या माणसाचं नाव सोपानमामा.

सोपानमामा आमचे प्रयोगशाळा परिचर. परीक्षानळ्या धुणं, सूक्ष्मदर्शक पुसून ठेवणं, पोरांनी सांडलेलं आम्ल निस्तरणं ही त्यांची कामं. शिक्षण दहावी. मी शाळेत लागले तेव्हा माझ्या नावापुढे वनस्पतिशास्त्रातली एम. एस्सी. होती आणि तिचा मला बऱ्यापैकी माज होता. मामा अंगानं किरकोळ, पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, आवाज इतका हळू की दोन पावलं पुढं सरकून ऐकावं लागे. आणि शर्टाच्या खिशात कायम एक काडीपेटी. बिडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. फक्त काडीपेटी.

एकदा नवे मुख्याध्यापक आले. शिस्तीचे होते. त्यांना तो खिसा पहिल्याच आठवड्यात दिसला.

"मामा, शाळेत बिडी चालणार नाही."

"ओढत न्हाई, सर."

"मग काडीपेटी कशाला?"

"मोजायला, सर."

"काय मोजायला?"

"हवा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हा विज्ञान विभागाचा प्रश्न आहे, तुम्ही बघा, असं त्या नजरेत होतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मामांना खोदून खोदून विचारलं, तर ते म्हणाले, "सांगून कळत न्हाई, मॅडम. घरी चला, बगा."

वैशाख होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, वारा नुसता भाजत होता. मामांचं घर स्टेशनच्या पलीकडं, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत पाण्याचा रांजण, त्याच्या शेजारी मातीच्या परातीत ओली वाळू, त्या वाळूत ही बरणी रोवलेली, आणि बरणीत हंसराज.

हंसराज म्हणजे विहिरीच्या दगडांत उगवणारं नेचं. काळ्याभोर केसासारखे देठ आणि त्यावर हिरव्या टिकल्या. मी तो कॉलेजात घाटावरच्या सहलीत पाहिला होता, वहीत चिकटवला होता, त्याच्यावर वीस मार्कांचा प्रश्न लिहिला होता. परभणीत, वैशाखात, तो जिवंत असू शकतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. इथं काचेच्या आत तो होता. पानापानाच्या टोकाला पाण्याचा थेंब. खाली दगडाला धरलेलं मखमली शेवाळ. बरणीच्या एका अंगाला बारीक दव आणि दुसरं अंग लख्ख. बाहेर आपल्या अंगाची लाही होत होती आणि आत श्रावण चालला होता. मी खाली बसले ती बराच वेळ उठलेच नाही. मामींनी आणलेला चहा निवला.

"हे बगा," मामा म्हणाले. त्यांनी शर्टाच्या शेवानं हात पुसले, टोपण अलगद उचललं आणि काचेच्या कडेवर एक काडी आडवी ठेवून टोपण परत टेकवलं. काडीच्या जाडीएवढी फट राहिली. "सकाळी एका अंगाला दव धरलं की बरणी खुश हाय, हात लावायचा न्हाई. चारी अंगांनी धरलं की पानी जादा झालं, मग एक काडी हवा. लयच झालं तर दोन काड्या. आन दव धरलंच न्हाई तर पाच थेंब पानी."

"पाचच?"

"पाच. सहावा त्याला लागत न्हाई, आपल्याला द्यावा वाटतो."

ते पाच थेंब शाळेतल्या तुटक्या ड्रॉपरनं पडत. बोअरचं पाणी नाही, त्यानं काचेवर पांढरे डाग धरतात. पावसाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलेलं असे, ते संपलं तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी. तळाला विटेचा चुरा, त्यावर इस्त्रीवाल्याकडचा कोळसा, त्यावर वाळू, आणि पिंपळाच्या ढोलीतली भुसभुशीत माती. आपली काळी माती चालत नाही, ती पाणी धरून बसते. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं म्हणून मी विचारलं. "त्यानंच," ते म्हणाले, आणि बरणीकडं बोट केलं. माझी एम. एस्सी. त्या दिवशी जी गप्प बसली ती पुष्कळ दिवस बोलली नाही.

बरणीची गोष्ट मला मामींनी सांगितली. शाळेत फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला एक नाग होता. वर्षानुवर्षं राहून तो पार गळाला आणि बरणी निकामी सामानात निघाली. मामांनी रीतसर अर्ज लिहिला, सदर बरणी मला वापरण्यास मिळावी, काम झाल्यावर शाळेस परत करीन. भंगारातली वस्तू परत करायचं वचन देणारा माणूस त्या शाळेनं आधी कधी पाहिला नसावा. मग महिनाभर ते बरणी राखेनं घासत होते, कढत पाण्यानं धूत होते, उन्हात पालथी घालत होते. वास गेला तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी त्यांनी आत गुळाचा खडा टाकला, एक मुंगी सोडली, आणि टोपण लावून दिवसभर समोर बसून राहिले. संध्याकाळी मुंगी गूळ ओढत होती. "तवा कुठं जेवले," मामी म्हणाल्या. "माज्यापरीस त्या बरणीला जास्ती जपायलेत. मला येक दिवस ताप आला तर म्हनले, गोळी खा."

मी लोभी माणूस. पुढच्याच आठवड्यात मी एक फांदी मागितली. छोटीशी, मुळासकट. नाहीतरी नेचं वाढतंच, एक तुकडा दिला तर काय बिघडलं?

मामांनी कधी नव्हे ती मान हलवली. "न्हाई जमायचं, मॅडम. माझं असतं तर आखं दिलं असतं. ही अमानत हाय."

"कुणाची?"

"बारवंची."

मामांचं गाव वालूरपासून जवळच. गावाला दगडी बांधणीची जुनी बारव, पायऱ्या उतरत उतरत पाण्यापर्यंत जायचं. लहानपणी मामा आणि त्यांची मोठी बहीण गयाआक्का पाणी आणायला उतरायची. तिसऱ्या टप्प्यावर, जिथं ऊन कधीच पोचत नाही, तिथं भिंतीच्या सांध्यात हा हंसराज लोंबायचा. आक्का त्याला ओंजळभर पाणी मारायची आणि मगच कळशी बुडवायची. पुढं गावात नळ आले. बारवेत उतरायचं कारण उरलं नाही. मग कुणी तिच्यात तुराट्या टाकल्या, कुणी प्लास्टिक, कुणी मेलेलं वासरू. मामा एका लग्नाला गेले तेव्हा बारव तिसऱ्या टप्प्यापर्यंत कचऱ्यानं भरत आली होती आणि तिथं, कचऱ्याच्या जरा वर, हंसराजाचा एकच झुबका वाळत लटकला होता. त्यांनी तो चुन्याच्या खड्यासकट काढून रुमालात बांधला आणि लग्नाचं जेवण न जेवताच परभणीची एसटी धरली.

"कायमचा न्हाई आनला," ते म्हणायचे. "त्याचं घर खचलंय. घर नीट झालं की नेऊन द्यायचा. तवर मुक्कामाला हाय."

लोक हसायचे. मीही मनातल्या मनात हसले होते, कबूल करते. कचऱ्यानं भरलेली विहीर परत कोण उपसतं? पण मामा चौदा वर्षं सकाळी उठून आधी बरणी बघत होते आणि मग तोंड धूत होते. उन्हाळ्यात तासातासाला तिची जागा बदलायची, सकाळी स्वयंपाकघर, दुपारी रांजणामागं, चारला पलंगाखाली. लेकीच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्याबरोबर हा गृहस्थ घरी जाऊन दव बघून आला होता. पाहुणे मंडळींना वाटलं, बापाला रडू आवरलं नाही.

आणि पुढं, मामा निवृत्त झाल्यावर, ते खरंच झालं. आजूबाजूच्या गावांतून लोकांनी बारवा उपसायला सुरुवात केली. मामांच्या गावातली तरुण मंडळीही टोपली-फावडी घेऊन उतरली. गयाआक्काचा फोन आला. "सोपाना, पयली पायरी उगडी पडली रे!" मामा साठीच्या पुढचे, गुडघे दुखरे, पण श्रमदानाला निघाले. आक्काला त्याच वेळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी परभणीत यायचं होतं. म्हणजे भाऊ बहिणीच्या घरी आणि बहीण भावाच्या घरी, अशी अदलाबदल झाली.

जाताना मामा मला भेटायला शाळेत आले. "दोन दिसाला येकदा बगून या, मॅडम. काई करू नका. नुसतं बगा. काई वाटलं तर मला फोन करा."

मी तिसऱ्या दिवशी गेले. आक्का डोळ्यावर काळा चष्मा लावून पलंगावर बसलेल्या. बरणी चारी बाजूंनी दवानं भरलेली. आणि मी, वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर, म्हणाले, "वा, काय सुंदर दव धरलंय!" चहा प्यायले आणि निघाले. चारी अंगांनी दव म्हणजे काय, हे मला त्या माणसानं हातात काडी घेऊन शिकवलं होतं. पुढं दहावीची प्रात्यक्षिकं सुरू झाली आणि मी परत गेलेच नाही.

नवव्या दिवशी मामांचा फोन आला. इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मॅडम, पानी लागलं! बारवंला पानी लागलं! रविवारी यायलोय मी!" फोन ठेवल्यावर मला ते चारी अंगांचं दव आठवलं. रविवारी सकाळी मी धावतपळत त्यांच्या घरी पोचले तर मामा नुकतेच चपला काढत होते.

बरणीत तळापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी होतं. पानं काळी पडून त्यावर तरंगत होती. शेवाळाचा लगदा झालेला. टोपण उचललं तेव्हा कुजका वास आला. मामा तिथंच खाली बसले. त्यांचा हात खिशातल्या काडीपेटीकडं गेला आणि तसाच खिशावर राहिला.

"सोपाना, आलास?" आक्का पलंगावरून म्हणाल्या. "मी घातलंय बरं का पानी त्या बारवंच्याला. रोज आंगोळ झाली की तुळशीला येक तांब्या आन त्याला येक फुलपात्र. आपल्या गावचं हाय रे, हितं तहानंनं जीव गेला असता त्याचा. कमी तर न्हाई ना पडलं?"

मामी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला नंतर म्हणाल्या, "रोज बगत होते, मॅडम. पन वन्संला कसं म्हनू, घालू नका? मोठ्या हायेत. त्यांच्याच गावचं झाड." मोठ्या नणंदेचा पाण्याचा हात धरायचा कसा, ह्या संकोचात इतके दिवस गेले होते. मी तर तिथं उभीच होते, एवढं शिकून आंधळी.

मामांनी बहिणीकडं पाहिलं. तिला काळ्या चष्म्याआडून त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"न्हाई, आक्का," ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले. "पोटभर पेलं त्यानं."

चौदा वर्षांचा जीव डोळ्यांदेखत कुजलेला, आणि आवाजात ओरखडा नाही. परभणीच्या उन्हात हंसराज जगवायला मी कदाचित कधीतरी शिकेन. हे उत्तर मला ह्या जन्मात जमणार नाही.

त्यांनी बरणी अंगणात नेऊन रिकामी केली. काळ्या लगद्यात बोटं घालून तासभर चाचपत राहिले. शेवटी चुन्याच्या त्या जुन्या खड्याला चिकटलेलं, बोटाच्या पेराएवढं एक मूळ निघालं. काळं, मऊ, मेल्यासारखं. मला राहवलं नाही. "मामा, ह्याचं आता काही होत नाही. मी पुण्याच्या नर्सरीतून मागवून देते. हाच हंसराज मिळतो तिथं, हीच जात."

"जात हीच असंल, मॅडम," ते म्हणाले. "पन अमानत बदलून देता येत न्हाई."

पुन्हा विटेचा चुरा, पुन्हा कोळसा, पुन्हा ढोलीतली माती. मूळ खड्यासकट आत ठेवलं आणि वर एक काडी. मार्च गेला. एप्रिल तापत गेला. मी येताजाता डोकावायची, नुसती माती दिसायची. मामा रोज काडी काढत होते, ठेवत होते, दव बघत होते. एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसायचे, पण हात लावायचे नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर रोज उकरून पाहिलं असतं.

एके दिवशी भर दुपारी मामा शाळेच्या फाटकात उभे. डोक्याला पंचा, अंग घामानं भिजलेलं. मी तासावरून उठून गेले. ते एवढंच म्हणाले, "चला."

चुन्याच्या खड्याला लागून मेथीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं, आत वळलेलं, हिरवं. मी हात जोडले. कशाला ते मला नीट सांगता येणार नाही. मी देवळात फारशी जात नाही.

पुढं त्यांनी त्याला बाहेरच्या हवेची सवय लावली. जूनमध्ये एक काडी. मग दोन, मग चार एकावर एक. मग टोपणाखाली अख्खी काडीपेटी आडवी. मग उभी. गौरी-गणपतीच्या दिवसांत टोपण काढून बाजूला ठेवलं, आणि हंसराज उघड्यावर चार दिवस टवटवीत राहिला. पाचव्या दिवशी मामा म्हणाले, "आता त्याला सोडायला जाऊ. तुमी येता का?"

एसटीत ते खिडकीपासून लांब बसले, बरणी मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "मामा, लोनचं हाय का?" मामा म्हणाले, "न्हाई, बारव हाय." कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. आता तो माझाही विभाग होता.

वालूरला उतरून ऑटोनं गावी पोचलो. बारव मी पहिल्यांदाच पाहत होते. पायऱ्या खाली खाली उतरत गेलेल्या, घासून काढलेला दगड, आणि तळाशी गार, गर्द पाणी. भिंती इतक्या स्वच्छ खरवडलेल्या की हिरवा ठिपकासुद्धा नाही. तिसऱ्या टप्प्यावर, पाण्यालगत, गयाआक्का आधीच येऊन बसल्या होत्या, चष्मा नाही, डोळे लख्ख. शेजारी तांब्या.

मामांनी हंसराज खड्यासकट बाहेर काढला आणि आक्कांपुढं धरला. "लाव."

आक्कांनी हात मागं घेतला. "मी न्हाई. माज्याच हातनं मरायलं होतं ते."

"तुला कुनी सांगितलं?"

"कोन सांगंल? दिसत नव्हतं, पन कान होते ना मला. तू पोटभर पेलं म्हनलास, तवाच कळलं."

मामांनी तिचे दोन्ही हात धरून ओंजळ केली आणि हंसराज त्यात ठेवला. आक्कांनी दगडांच्या सांध्यात चुना-माती भरली, हंसराज बसवला, अंगठ्यानं दाबला. मग तांब्या उचलला आणि हात अधांतरीच थांबला.

"किती घालू?"

मामांनी चौदा वर्षं पाच थेंबांवर काढली होती. ते म्हणाले, "आता घाल, आक्का. तुला वाटंल तितकं."

मला चारची एसटी गाठायची होती. निघताना मामांनी बारवेच्या पाण्यात बरणी विसळली, शर्टाच्या शेवानं पुसली, खिशातली एक काडी आत टाकली आणि माझ्या हातात दिली. "शाळंची हाय. जमा करा." त्यानंतर ते गावीच राहिले, परभणीला फारसे आले नाहीत.

वरच्या पायरीवरून मी मागं वळून पाहिलं. मामा गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून तांब्या भरून वर देत होते, आक्का तो भिंतीवर ओतत होत्या आणि रिकामा खाली देत होत्या. मी उगाच मोजत उभी राहिले. सातव्या तांब्याला मोजायचं सोडून दिलं. ते दोघं तर केव्हाच मोजत नव्हते.